ट्रेकिंग बुटाचा सोल पुन्हा पुन्हा उघडतोय? चिकटवण्याआधी हे तपासा

पावसाळ्यातला पहिला ट्रेक झाला की सोमवारी सकाळपासून माझ्या फोनवर बुटांचे फोटो यायला लागतात. खाली एकच प्रश्न: 'सोल निघालाय, नवेच घेऊ ना?' ग्रुपमधल्या लोकांचे आणि स्वतःचे बूट मी बरीच वर्षं दुरुस्त करत आलोय. काही घरी, काही गटईवाल्या काकांच्या स्टॉलसमोर बसून. त्यावरून एक सांगतो. 'सोल निघालाय' ही तक्रार एकच असली तरी तिच्यामागे बिघाड वेगवेगळे असतात. एखाद्याला सोल्यूशनची छोटी ट्यूब पुरते. दुसऱ्याला डबाभर ओतलं तरी पुढच्या ट्रेकला पुन्हा तेच. नेमका कोणता थर गेलाय हे कळलं की अर्धं काम झालं.

लक्षणं

चवड्याजवळ तोंड उघडलंय, बाकीचा सोल घट्ट आहे. हे सगळ्यात जास्त दिसतं. दर पावलाला बूट तिथेच वाकतो, म्हणून गोंद आधी तिथे हार मानतो. दुरुस्ती सोपी.

टाचेकडून अख्खा सोल सुटला आणि सुटलेल्या जागी पिवळट-करडा भुगा किंवा चिकट लगदा दिसतोय. इथे गोंदाचा दोष नाही, मधला थरच मेलाय. डाव्या बुटाचा सोल सकाळी गेला आणि उजव्याचा दुपारी, असं झालं असेल तरी तेच समजा. दोन्ही बूट एकाच वयाचे असतात, त्यामुळे एकत्रच म्हातारे होतात.

चिकटवलेली जागा महिन्याभरात पुन्हा उघडते. बहुतेक वेळा चिकटवण्याआधीची घासाघाशी झालेली नसते.

सोल जागेवर आहे, पण ओल्या कातळावर पाय टिकत नाही. नक्षी झिजली आहे किंवा रबर कडक झालंय.

उतरताना बोटं पुढे आदळतात, नखं काळी पडतात. लोक याला 'बूट लहान झाला' म्हणतात. बूट लहान होत नाही. लेस, हूक आणि सुखतळा (आतला सुटा, काढता येणारा तळ) बघा.

टाचेला नेहमी त्याच जागी फोड येतो. आतलं अस्तर फाटलंय.

सगळ्यात आधी: धुवा आणि वाळवा

ओल्या, चिखलाळ बुटावर निदान करू नका. फटीत बसलेली लाल माती बघून फट मोठी वाटते, आणि भिजलेला सोल घट्ट असूनही लोंबल्यासारखा वाटतो. साध्या पाण्याने, जुन्या टूथब्रशने बूट स्वच्छ करा. सुखतळा बाहेर काढा, लेस काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि पंख्याखाली ठेवा. बोळे ओले झाले की बदला. जुलैच्या हवेत मुंबई-कोकणात याला दोन-तीन दिवस सहज लागतात.

ऊन, गिझर आणि चूल या तिन्हींपासून बूट लांब. बूट जोडायला वापरलेला गोंद उष्णतेने मऊ पडतो. पायथ्याच्या गावात मुक्काम असला की रात्री चुलीच्या कडेला ओल्या बुटांची रांग लागते, आणि दुसऱ्या दिवशी त्यातल्याच कुणाचा तरी सोल उघडतो. कातडी बूट असेल तर चुलीच्या धगीने कातडं कडक होऊन चवड्याच्या घडीवर तडकतं, ते वेगळंच.

सुखतळा, लेस, हूक

यात फार वेळ घालवायचा नाही, पण हे आधी करायचं कारण खर्च जवळजवळ शून्य. सुखतळा हातात घेऊन टाचेच्या जागी दाबा. कागदासारखा पातळ झाला असेल तर पाय बुटात खाली बसतो, मोकळा होतो आणि उतारावर पुढे सरकतो. नवा सुखतळा घालून, वरचे दोन हूक घट्ट आवळून जिन्यावरून उतरून बघा. बोटं आदळायची थांबली तर दुरुस्ती संपली. हूक तुटला असेल तर बॅगा दुरुस्त करणारासुद्धा रिव्हेट मारून नवा बसवतो. लेस मधे गाठ मारून चालवू नका, ती गाठ नेमकी भोकात अडकते आणि पकड अर्ध्यावरच राहते.

सुखतळा बाहेर आहे तोवर आत बोटं फिरवा. खालचा पुठ्ठ्यासारखा कडक थर ओला, मऊ किंवा मधून मोडलेला लागला तर ती खूण लक्षात ठेवा, पुढे लागेल.

नखाची परीक्षा

या पोस्टमधलं एवढं एकच वाचलंत तरी चालेल.

ट्रेकिंग बुटाला खालून वर तीन थर असतात: जमिनीला लागणारा रबरी सोल, मधला फोमचा मिडसोल, आणि वरचा कातडी किंवा कापडी भाग. मिडसोल बहुधा दोन जातींचा. एक ईव्हीए, हलका आणि स्पंजी. दुसरा पॉलीयुरेथेन, म्हणजे पीयू, जरा जड आणि जास्त टिकणारा. टिकणारा खरा, पण त्याचा एक शत्रू आहे: दमट हवा. हवेतला ओलावा पीयूमध्ये शिरून त्याच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तोडतो. याला हायड्रॉलिसिस म्हणतात. उष्ण आणि दमट हवेत ही क्रिया वेगाने होते, म्हणजे आपल्याकडची किनारपट्टी त्यासाठी अगदी सोयीची. वरून बूट नवाकोरा दिसतो, आतून त्याचं शिळ्या बिस्किटासारखं झालेलं असतं.

गंमत अशी की न वापरता ठेवलेले बूट यात आधी जातात. रोजच्या वापरात फोम दाबला-सोडला जातो, त्यातून ओल आणि हवा बाहेर पडत राहते. हिमालयातला एक ट्रेक करून आलेले, पुसून, पॉलिथिनच्या पिशवीत गुंडाळून माळ्यावर ठेवलेले बूट तीन-चार वर्षांनी पहिल्याच चढावर सोल टाकतात, ते याच कारणाने. पिशवीत ओल कोंडली जाते. आणि हे वय खरेदीच्या तारखेपासून नाही, बूट बनल्यापासून मोजायचं असतं. सेलमध्ये अर्ध्या किमतीत मिळालेला जुना माल घेताना खोक्यावरचा उत्पादनाचा महिना आणि वर्ष जरूर वाचा.

आता परीक्षा. मिडसोलच्या बाजूच्या भिंतीवर अंगठ्याचं नख रोवा.

खळगा पडून परत भरून आला: फोम जिवंत आहे, पुढे चला.

खळगा तसाच राहिला, भिंतीवर आडव्या सुरकुत्या आहेत: ईव्हीए बसलाय. धोका नाही, पण धक्का झेलण्याची ताकद गेलेली आहे. चिकटवून वापरता येईल. लांबच्या ट्रेकला गुडघे तक्रार करतील.

नख आत गेलं, कण सुटले, तडे दिसले किंवा चिकट लागलं: इथेच थांबा. सोल्यूशन आणू नका. गोंद उरलेल्या भुग्याला चिकटेल आणि भुगा भुग्यापासून सुटेल. सरळ शेवटच्या भागात जा.

फट किती खोल आहे

जुनं व्हिजिटिंग कार्ड फटीत सरकवा आणि सोलच्या कडेकडेने फिरवा. जिथे अडेल तिथे बाहेरून पेनने खूण करा. डोळ्यांना दिसणारी फट दोन बोटांची असते आणि कार्ड पार मध्यापर्यंत जातं, असं खूपदा होतं. फट कडेपासून दोन-तीन सेंटीमीटर आत आणि सोलच्या पाव भागापेक्षा कमी असेल तर घरी जमेल. त्याहून जास्त असेल तर सोल पूर्ण सोडवून पुन्हा बसवणं बरं, आणि ते काम फर्मा (बुटात घालायचा पायाच्या आकाराचा साचा) आणि सोल दाबून बसवायचं प्रेस मशीन असलेल्याचं.

फट कुठल्या दोन थरांत आहे तेही बघा. रबर आणि मिडसोल यांच्यात असेल तर सोपं. मिडसोल आणि वरचा भाग यांच्यात असेल तर तिथूनच पाणी आत येतं आणि ओढही जास्त बसते, त्यामुळे चिकटवण्याला बहुधा शिलाईची जोड लागते.

घरी चिकटवणं

झटपट चिकटणारे थेंब वापरू नका. त्यांच्यातलं सायनोॲक्रिलेट सुकलं की काचेसारखं ठिसूळ होतं, आणि बूट तर दर पावलाला वाकतो. दोन दिवसांत ते तडकतं. वर त्याचा कडक थर उरतो, जो घासून काढताना नाकी नऊ येतात. दुरुस्तीवाल्यांचा पहिला राग याच्यावरच असतो. 'साहेब, आधी फेविक्विक लावून आणलंत ना?' हे त्यांना बूट हातात घेताच कळतं.

हवं ते सोल्यूशन: रबर चिकटवायचा, लवचिक राहणारा कॉन्टॅक्ट गोंद. कातडी सामान विकणाऱ्या दुकानात 'बुटाचं पीयू सोल्यूशन' मागितलं तर उत्तमच.

फट चमचा किंवा लाकडी पट्टी घालून उघडी धरा. जुन्या गोंदाचे पापुद्रे खरवडून काढा. मग पॉलिश पेपरने दोन्ही बाजू घासा, चकाकी जाऊन खरखरीत, मळकट रंग येईपर्यंत. सगळ्या दुरुस्तीचा जीव इथे आहे. रबराच्या गुळगुळीत पृष्ठभागावर गोंद नुसता बसतो, धरत नाही. घासल्यावर धूळ ब्रशने झाडा, स्पिरिटच्या फडक्याने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. हात लावू नका, बोटांचं तेलही आड येतं.

सोल्यूशनचा पातळ थर दोन्ही बाजूंना लावा. एकाच बाजूला नव्हे. आणि लगेच दाबू नका! दहा-पंधरा मिनिटं थांबा. पावसाळ्यात थोडं जास्त. बोट लावल्यावर गोंद बोटाला येत नाही, नुसता किंचित ओढतो, अशी वेळ आली की हेअर ड्रायरने दोन्ही बाजू मिनिटभर गरम करा आणि मग सोल जागेवर धरून चवड्याकडून टाचेकडे दाबत जा. कॉन्टॅक्ट गोंद एकदा टेकला की सरकवता येत नाही, म्हणून कड आधी जुळवून घ्या.

बुटात वर्तमानपत्र ठासून भरा आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून सबंध बुटाला ताणून गुंडाळा. नुसता वर पाटा किंवा वजन ठेवलं तर मधला भाग दबतो आणि कड उघडीच राहते. चोवीस तास तसाच. 'रात्री चिकटवलं, पहाटेच्या गाडीने निघालो' हा प्रकार टिकत नाही.

सोल्यूशनचा वास डोक्यात जातो. खिडकी उघडी ठेवून करा, आणि जवळ गॅस किंवा उदबत्ती पेटलेली नको.

नीट घासून, नीट वाट बघूनही त्याच जागी पुन्हा उघडलं, तर तिसऱ्यांदा तेच करू नका. काही सोलांच्या मिश्रणावर गोंद लावण्याआधी वेगळं रासायनिक प्रायमर लागतं. ते कारखान्यात असतं, घरी नाही.

शिलाई कधी, कुठे

आपल्याकडे कुठलाही सोल उघडला की 'शिवून टाका' हा सल्ला मिळतोच. शिलाई चांगली, पण तिला धरायला काहीतरी हवं. रबरी सोलची कड वाटीसारखी वर चढून वरच्या भागाला लागत असेल, तर त्या कडेतून आरीने टाके घालता येतात आणि ते अनेक मोसम टिकतात. सोल सपाट असेल, बाजूला नुसता फोम दिसत असेल, तर टाका फोम कापत जातो. अशा ठिकाणी शिवून घेऊ नका.

दुसरं, बूट वॉटरप्रूफ असेल तर आतल्या पडद्यातून गेलेला प्रत्येक टाका म्हणजे एक भोक. भर पावसाच्या ट्रेकला तसाही पाणी वरून, घोट्यातून आत येतं, त्यामुळे सह्याद्रीत मी याची फार फिकीर करत नाही. बर्फाच्या ट्रेकचे बूट मात्र शिवू देत नाही.

स्टॉलवर गेल्यावर नुसता बूट सोपवून चहाला जाऊ नका. समोर बसा आणि आधी बोला: 'काका, आधी उघडून घासून सोल्यूशन लावा, ते सुकलं की मग शिवा. दोरा नायलॉनचा, मेण लावलेला घ्या. टाका खाचेत बसवा.' शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. दोरा सोलच्या पृष्ठभागावर उघडा राहिला तर कातळावर आणि मुरमावर घासून पहिल्याच दिवशी तुटतो. रापीने (कातडं कापायच्या पात्याने) उथळ खाच मारून त्यात टाका बसवला की तो वाचतो. चांगल्या कारागिराला हे सांगावं लागत नाही, पण रस्त्यावरचं रोजचं काम ऑफिसच्या बुटांचं असतं. बूट डोंगरावर जाणार आहे हे त्यांना सांगितलं की हात बदलतो. आणि दिवसभर ठेवावा लागला तर ठेवा, पैशांतही घासाघीस करू नका. हे अर्ध्या तासाचं काम नाही.

नक्षी

सोलखालचे रबरी गट्टू नव्या बुटात साधारण 4-5 मिलिमीटर उंच असतात. चवड्याखाली ते सपाट झाले असतील तर घसाऱ्यावरून उतरताना बूट थांबत नाही. ही खोल नक्षी मुळात अपघातातूनच आली. 1935 मध्ये आल्प्समध्ये सहा साथीदार गमावल्यावर व्हिताले ब्रामानी या इटालियन गिर्यारोहकाने रबरी सोलावर काम सुरू केलं आणि 1937 मध्ये विब्रमचा सोल आणला. तेव्हा 'अजून एक मोसम चालेल' म्हणताना टाच बघू नका, चवडा बघा.

नवा सोल लावून मिळतो. मात्र स्टॉलवर टांगलेले तयार सोल बरेचदा कडक प्लास्टिकचे असतात. शेवाळलेल्या कातळावर त्यांच्यासारखं वाईट काही नाही. नख रुतेल असं रबर मागा. मुंबईत ठक्कर बाप्पा कॉलनीसारख्या चप्पल-बूट बनवणाऱ्या वस्त्यांत सोल, सोल्यूशन आणि प्रेस हे सगळं जवळजवळ मिळतं. तिथे विचारणं स्टॉलवर अडून बसण्यापेक्षा बरं. जर्मनीत वगैरे राहणाऱ्यांना हानवाग, लोवा, माइंडल यांचे बूट असतील तर कंपनीकडूनच नवा सोल बसवून घेण्याची सोय असते. सगळ्या मॉडेलना नसते, आधी विचारा.

अस्तर आणि वरचा भाग

टाचेच्या अस्तराचं भोक छोटं आहे तोवर पातळ, मऊ कातड्याचं ठिगळ आतून चिकटवून शिवून घ्या. कड तासून पातळ करायला सांगा, नाहीतर ठिगळाच्या कडेनेच नवा फोड येतो. भोकातून आतलं कडक प्लास्टिक दिसायला लागलं असेल तर उशीर झालाय. चवड्याच्या घडीवरची उसवलेली शिवण लगेच शिवावी; तिथेच कापड किंवा कातडं फाटलं असेल तर ठिगळ फार टिकत नाही, दर पावलाला ओढ बसते.

गडावरच सोल गेला तर

लेसची जादा जोडी आणि थोडी चिकटपट्टी सॅकमध्ये असावी. पट्टी ओल्यावर चिकटत नाही, म्हणून खरा भरवसा दोरीचा. दोरी चवड्याखालून एक वेढा आणि तळव्याच्या कमानीखालून एक वेढा घेऊन घोट्यामागे बांधा. चवड्याखालचा वेढा घासून तुटतो, दर तासाला बघा. सोल पूर्ण गेला असेल तर दुसराही मुद्दाम उपटू नका, उंचीतला फरक थोडा वेळ सहन होतो. नुसत्या उरलेल्या तळाने ओल्या दगडावर दोन्ही पाय घसरण्यापेक्षा ते बरं. आणि आल्या वाटेने परत फिरा. नळीच्या, म्हणजे अरुंद घळीच्या वाटेने किंवा लोखंडी शिड्यांवरून दोरी बांधलेल्या बुटाने जायचं नाही.

इथे हात थांबवा

मिडसोलचा भुगा झालाय. बूट मधून, कमानीजवळ, वर्तमानपत्रासारखा दुमडतो किंवा सुखतळ्याखालचा कडक थर मोडलेला लागला होता, म्हणजे आतली ताठ पट्टी मोडली आहे. टाचेचा कडक भाग दाबला की आत बसतो. रबर झिजून मिडसोल जमिनीला लागतोय. पाव भागाहून जास्त सोल सुटलाय. बूट महागडा, शिवलेल्या बांधणीचा किंवा बर्फासाठीचा आहे. यातलं काहीही असेल तर घरचं सोल्यूशन आणि कोपऱ्यावरचा स्टॉल दोन्ही सोडा आणि सोल बदलून देणाऱ्या, प्रेस असलेल्या कारखान्यात बूट दाखवा. तिथे जाऊन एकच विचारायचं: 'मिडसोलसकट नवा बसवाल का?' नुसता खालचा रबर बदलतो म्हणाले तर भुगा झालेल्या बुटाला त्याचा उपयोग नाही.

वरचं कातडं चांगलं आणि पायाला बसलेलं असेल तर मिडसोलसकट नव्या सोलचा खर्च परवडतो. वरचा भाग कापडी, फाटका, टाच बसलेली, आणि खर्च नव्या बुटाच्या निम्म्यावर जात असेल तर सोडून द्या. लेस, हूक आणि चांगला सुखतळा काढून घ्या.

दुरुस्त झालेला बूट थेट अलंग-मदन-कुलंगसारख्या अवघड गडांवर नेऊ नका. पुण्यातले असाल तर सिंहगड पायथ्यापासून एकदा वर-खाली करा, मुंबईकरांनी जवळची एखादी सोपी टेकडी. खाली आल्यावर तेच व्हिजिटिंग कार्ड कडेने फिरवून बघा. कुठेच आत गेलं नाही तर बूट पुढच्या ट्रेकला तयार आहे.